खिशातला कॅमेरा बदलायचाय? आधी जुने फोटो उघडून बसा

माझा जुना कॉम्पॅक्ट कॅमेरा मी नऊ वर्षं वापरला. बदलायचं ठरवलं तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं: दोन महिने तुलनेचे तक्ते वाचले, रोज वेगळं मॉडेल आवडलं, आणि काहीच ठरेना. तिढा सुटला तो संगणकातलं जुन्या फोटोंचं फोल्डर उघडल्यावर. कोणता कॅमेरा घ्यायचा याचं उत्तर तिथे, माझ्या फसलेल्या फोटोंमध्ये होतं. तेव्हापासून कुणीही विचारलं की मी मॉडेलचं नाव सांगत नाही, हीच वाट सांगतो. ती इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम: वर्षभराचे फोटो, फसलेल्यांसकट

गेल्या वर्षभरात त्या कॅमेऱ्याने काढलेले सगळे फोटो एकत्र आणा. चांगले तेवढे निवडून आणू नका. इथे उपयोग बिघडलेल्यांचाच आहे. तुम्ही खराब फोटो लगेच उडवत असाल तर पुढचे पंधरा दिवस एकही फोटो डिलीट करू नका आणि मग या कामाला बसा.

आता फसलेल्यांचे ढीग करा. फोटो का फसला हे डोळ्यांना कळतं, फक्त थोडं थांबून पाहावं लागतं. सगळंच पुसट असेल आणि मागचे दिवे एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसत असतील, तर तुमचा हात हललाय. मागची भिंत लख्ख आणि माणूस तेवढा पुसट असेल, तर माणूस हललाय. हे दोन ढीग वेगळे ठेवाच, कारण दोघांचं औषध वेगळं आहे. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सांभाळतं. धावणाऱ्या पोराला ते थांबवू शकत नाही. तिसरा ढीग दाणेदार, रंग विटलेल्या फोटोंचा. चौथा फोकस भलतीकडे गेलेल्यांचा. पाचवा क्षण निसटलेल्यांचा: बटण दाबलं तेव्हा हसू होतं, फोटोत नाही. आणि सहावा ढीग दिसत नाही, आठवावा लागतो. कॅमेरा घरी राहिला म्हणून फोनने काढलेले फोटो.

सहावा ढीग सगळ्यात मोठा निघाला, तर तुमचा प्रश्न फोटोच्या दर्जाचा नसून कॅमेऱ्याच्या आकाराचा आहे. मग पुढे सेन्सरबद्दल (प्रकाश टिपणारी कॅमेऱ्यातली चिप) जे लिहिलंय ते वाचा, पण निर्णय जाडी आणि वजनावर घ्या.

ढीग झाले की फोटोंची माहिती उघडा. प्रत्येक डिजिटल फोटोत एक्झिफ नावाची नोंद असते: शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत घेतला), अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), आयएसओ (कमी प्रकाश किती वाढवून घेतला; आकडा वाढला की दाणे वाढतात), फोकल लेंग्थ (दृश्य किती रुंद किंवा किती जवळ ओढलेलं). संगणकावर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती दिसते. फोकल लेंग्थ पाहताना ‘३५ मिमी समतुल्य’ हा आकडा धरा, म्हणजे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करता येते. २४ ते २८ म्हणजे खोलीतले सगळे एका फोटोत येतील असा रुंद कोन, ५० च्या आसपास साधी नजर, ८५ ते १०० ला चेहरे छान येतात, २०० च्या पुढे लांबचं जवळ ओढणं.

माझे बहुतेक फोटो २८ ते ५० मध्ये निघाले. तेवढ्यावरून मी झूम नको असंच ठरवणार होतो. मग जे फोटो मी प्रिंट केले होते, आईला पाठवले होते, ते वेगळे काढून पाहिले. त्यातले निम्मे १०० च्या आसपासचे होते. म्हणून नुसती मोजदाद करू नका. जपून ठेवलेले फोटो कुठल्या आकड्यावर आहेत ते पाहा.

दुसरं काम: एकच फोटो घ्या आणि नीट वाचा

माझ्या पाहण्यात आलेला फोटो असा: लेक शाळेच्या सभागृहात नाचते आहे, मी प्रेक्षकांत बसून काढलाय. स्टेजच्या फळ्या स्पष्ट, तिचे हात मात्र धुरासारखे. नोंद म्हणत होती: १०० मिमी समतुल्य, अपर्चर एफ/५, शटर १/२० सेकंद, आयएसओ १६००. चेहऱ्यावर दाणेही भरपूर.

नाचणारं माणूस ठळक यायला साधारण १/२५० चा शटर लागतो. म्हणजे मला जवळजवळ बारापट वेग हवा होता. तो कुठून आणायचा? एक, लेन्समधून. नव्या कॅमेऱ्याची लेन्स त्याच १०० मिमीला एफ/२.८ देत असेल, तर एफ/५ च्या तिप्पट प्रकाश आत येतो आणि शटर १/६० वर जातो. दोन, सेन्सरमधून. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा. एक इंची म्हणतात तो ११६ चा. चौपट क्षेत्रफळ म्हणजे आयएसओ ६४०० ला जवळपास तेवढेच दाणे, जेवढे आधी १६०० ला दिसत होते. तीन गुणिले चार, बारा. १/२० चं १/२४० झालं.

हे गणित झालं आणि दोन महिन्यांचा गोंधळ पाच मिनिटांत मिटला. मला एक इंची सेन्सर आणि १०० मिमीला एफ/२.८ टिकवणारी लेन्स हवी होती. तुमच्या फसलेल्या फोटोचं गणित वेगळं येईल, पण ते असंच मांडा. शटर किती हवा होता, किती मिळाला, आणि मधली दरी लेन्स किती भरेल, सेन्सर किती.

सेन्सरच्या मापांचा घोळ

‘१/२.३ इंची’, ‘एक इंची’ ही नावं फसवी आहेत. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत आणि त्यांचा बाहेरचा व्यास इंचांत सांगत; ती पद्धत सेन्सरला तशीच चिकटली. एक इंची सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर. म्हणून नाव सोडा, चौरस मिलिमीटर धरा. १/२.३ इंची म्हणजे सुमारे २८, १/१.७ इंची ४३, एक इंची ११६, फोर थर्ड्स २२५, एपीएस-सी ३६७ च्या आसपास.

मेगापिक्सेलमध्ये फार गुंतू नका. जुन्याचे १२ आणि नव्याचे २० हा फरक पडद्यावर दिसतही नाही. २० मेगापिक्सेलचा एक उपयोग खरा आहे: फोटो लांबी-रुंदीला निम्मा कापला तरी ५ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे थोडा झूम कमी पडला तरी निभावतं.

फोनचंही इथेच बोलून घेऊ. आजच्या चांगल्या फोनचे मुख्य सेन्सर १/२.३ इंचीपेक्षा बरेच मोठे असतात, काहींत तर एक इंचीही आहेत, आणि फोन अनेक फोटो जोडून एक बनवतो. म्हणून लहान सेन्सरचा साधा कॉम्पॅक्ट ‘जुन्यापेक्षा नवा’ म्हणून घेऊ नका. तो घ्यायचा तर ठोस कारणाने: लांब झूम हवाय म्हणून, किंवा पाण्यात न्यायचाय म्हणून. ओएम सिस्टीमचा टीजी-७ पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो. तिथे सेन्सर लहान असल्याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

लेन्स: दोन्ही आकडे वाचा

कॉम्पॅक्टमध्ये लेन्स बदलता येत नाही. जी घ्याल तीच शेवटपर्यंत. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला सांगेन.

झूम लेन्सवर अपर्चरचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ एफ/१.८-४.९. पहिला रुंद टोकाचा, दुसरा लांबच्या टोकाचा. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरांत येतो. २०१२ चा पहिला सोनी आरएक्स१०० असाच होता: २८ मिमीला एफ/१.८, १०० ला पोचेपर्यंत ४.९. माझ्या नाचाच्या फोटोला त्याची लेन्स जुन्या कॅमेऱ्याइतकाच प्रकाश देणार. मदत झाली असती ती फक्त सेन्सरची. कॅननचा जी७ एक्स मार्क २ (२०१६) आणि मार्क ३ (२०१९) २४-१०० मिमीला एफ/१.८-२.८ देतात. खिशात दोन्ही सारखेच मावतात, सभागृहात वागतात मात्र वेगळे.

लांब झूमची किंमत प्रकाशात मोजावी लागते, हे सोनीच्याच दोन मॉडेलांवरून समजतं. आरएक्स१०० मार्क ५ (२०१६) ची लेन्स २४-७० मिमी, एफ/१.८-२.८. मार्क ६ (२०१८) ला ती २४-२०० झाली आणि अपर्चर एफ/२.८-४.५. रुंद टोकालाच प्रकाश निम्म्याहून कमी झाला. दिवसा हिंडणाऱ्याला, पक्षी नसले तरी कळस-कमानी जवळ ओढायला आवडणाऱ्याला मार्क ६ किंवा ७ उत्तम. संध्याकाळी घरात मुलांचे फोटो काढणाऱ्याला मार्क ५.

झूम नसलेल्या कॅमेऱ्यांचाही विचार करा, तुमचे जपलेले फोटो एकाच आकड्याभोवती जमत असतील तर. रिकोचा जीआर ३ (२०१९) २८ मिमीला बांधलेला, फुजीफिल्मचा एक्स१००-६ (२०२४) ३५ ला. दोघांत एपीएस-सी सेन्सर. अशा कॅमेऱ्याने पाय चालवावे लागतात, पण त्या सेन्सरचं चित्र लहान डबीतून निघतं याचं मला अजून नवल वाटतं.

लेन्सबद्दल आणखी एक: किती जवळून फोकस होतो ते पाहा, आणि झूम केल्यावर किती जवळून तेही. रुंद टोकाला पाच सेंटिमीटर म्हणणारी लेन्स झूम टोकाला अर्धा मीटर मागायला लागते.

खिशाची परीक्षा पुठ्ठ्याने

वजनं अशी: जीआर ३ बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅम, आरएक्स१०० मार्क ७ ३०२, जी७ एक्स मार्क ३ ३०४, पॅनासॉनिकचा एलएक्स१००-२ ३९२, एक्स१००-६ ५२१. पण खिशात टोचते ती जाडी. जीआर ३ सुमारे ३३ मिमी जाड, आरएक्स१०० मार्क ७ जवळपास ४३, एक्स१००-६ ५५.

आकडे वाचून अंदाज येत नाही. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, मनातल्या कॅमेऱ्याच्या लांबी-रुंदीचे तुकडे कापा, एकावर एक चिकटवून तेवढी जाडी करा. लेन्सच्या जागी बाटलीचं झाकण लावा, मध्ये नाणी घालून वजन आणा. आणि तो ठोकळा आठवडाभर तुमच्या नेहमीच्या खिशात किंवा पिशवीत वागवा. तिसऱ्या दिवशी तो टेबलावर राहिला, तर खरा कॅमेराही राहील. मी हे केलं आणि एक मॉडेल यादीतून तिथेच गळलं.

याच वेळी स्वतःला विचारा: उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून त्रास होतो का? मग व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, हवा. लहान मुलांच्या उंचीवरून फोटो काढता का? मग वर वळणारी स्क्रीन हवी. जीआर ३ मध्ये यातलं काहीच नाही, आणि फ्लॅशही नाही. तरी लोक त्याच्या प्रेमात असतात, कारण त्यांचे ढीग वेगळे असतात.

फोकस चुकलेल्यांचा किंवा क्षण निसटलेल्यांचा ढीग मोठा असेल, तर ‘फेज डिटेक्शन’ फोकस आहे का ते आवर्जून पाहा. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत तो मार्क ५ पासून आला. हलणाऱ्या माणसामागे धावण्यात तो जुन्या ‘कॉन्ट्रास्ट’ पद्धतीपेक्षा सरस असतो.

बॅटरी, केबल, कार्ड

हे भरभर. लहान शरीरात लहान बॅटरी: जीआर ३ ची अधिकृत नोंद सुमारे २०० फोटोंची आहे. दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्या. यूएसबी-सी ने चार्ज होतो का पाहा; युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना ते बंधनकारक झालंय, पण २०१९ च्या आरएक्स१०० मार्क ७ ला मायक्रो यूएसबी लागते. कार्ड नवं घ्या. जुनं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्यापुढचं एसडीएक्ससी. तुमचा जुना कार्ड रीडर ६४ जीबीचं कार्ड ओळखेलच असं नाही. फोर-के व्हिडिओ काढणार असाल तर कार्डावर व्ही३० हे चिन्ह पाहा: सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची ती हमी आहे. जुन्या कॅमेऱ्यात एक्सडी किंवा मेमरी स्टिक असेल, तर तिचा रीडर फेकू नका.

नवा की वापरलेला

‘नवा’ म्हणजे यंदाचाच असं नाही. तुमचा कॅमेरा २०१० चा असेल तर २०१६ चा एक इंची कॉम्पॅक्टसुद्धा मोठी उडी आहे. म्हणून वापरलेला घ्यायला मी कधीच नको म्हणणार नाही. मात्र तपासून.

मी एकदा वापरलेला घेतला तेव्हा पाठच्या स्क्रीनवर दहा फोटो बघून समाधान मानलं. घरी संगणकावर पाहिलं तर प्रत्येक आभाळात, वर उजवीकडे, एकाच जागी करडा ठिपका. धूळ सेन्सरवर बसलेली होती. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही, त्यामुळे ती झटकता येत नाही. कॅमेरा उघडावा लागतो.

ती चाचणी अशी करा. अपर्चर सगळ्यात लहान म्हणजे एफ/११ वगैरे ठेवा, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, एकदा रुंद आणि एकदा पूर्ण झूमवर. फोटो मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकवत पाहा. मग भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवा, समोर सरळ उभं राहून पूर्ण पान भरेल असा फोटो घ्या. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता यायला हवीत. एकच कोपरा धूसर असेल तर लेन्स कधीतरी आपटलीय. कॅमेरा वीसेक वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना करकर, अडखळणं, पुढची पाती अर्धवट उघडणं, यातलं काहीही दिसलं तर नाद सोडा. बॅटरी काढून टेबलावर ठेवा. ती डुगडुगली तर फुगलीय.

पहिल्या रात्रीच्या सेटिंग

तारीख-वेळ आधी लावा, टाइम झोनसकट. मग फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का पाहा. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

ऑटो आयएसओ ची वरची मर्यादा ठरवा. एक इंचीला मी ६४०० ठेवतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याच मेन्यूत किमान शटर स्पीड ठरवता येतो. तो १/१२५ करा. माणसांचे फोटो पुसट येण्याचं प्रमाण या एका बदलाने इतकं घटतं की कॅमेरा बदलल्याचं समाधान इथेच मिळतं. तुमच्या मॉडेलमध्ये ही सोय नसेल, तर डायल शटर प्रायॉरिटीवर (शटर तुम्ही ठरवता, अपर्चर कॅमेरा) ठेवा, कॅननमध्ये टीव्ही आणि सोनीमध्ये एस, आणि आयएसओ ऑटोवर. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात शटर प्रायॉरिटी असेल तर खरेदीआधी त्यातही करून पाहा. एखाद्याला नव्याची गरजच उरणार नाही.

फाइलच्या नावांकडे लक्ष द्या. नवा कॅमेरा पुन्हा ०००१ पासून मोजायला लागतो, आणि कंपनी तीच असेल तर नावंही तीच. एकाच फोल्डरमध्ये कॉपी करताना ‘बदलायचं का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटलं की जुना फोटो गेला. नव्या कॅमेऱ्यासाठी वेगळं फोल्डर करा आणि आतल्या फोल्डरांना तारखेचं नाव द्या.

रॉ (सेन्सरची मूळ, न प्रक्रिया केलेली फाइल) काढत असाल तर तुमचं सॉफ्टवेअर नवी रॉ फाइल उघडतं का, हे कॅमेरा परत करायची मुदत संपायच्या आत पाहा. जी७ एक्स मार्क २ सीआर२ लिहितो, मार्क ३ सीआर३; जुन्या आवृत्तीला दुसरी कळत नाही. रिको डीएनजी लिहितो, ती जुन्या सॉफ्टवेअरमध्येही बहुधा उघडते.

दोन आठवडे दोन्ही कॅमेरे

जुना लगेच देऊन टाकू नका. त्याच खुर्चीवरून, त्याच माणसाचा, त्याच दिव्यात दोघांनी फोटो काढा: दुपारी खिडकीपाशी, रात्री ट्यूबलाइटखाली, चालत येणाऱ्या माणसाचा, आणि तुमच्या सगळ्यात मोठ्या ढिगातला जो प्रसंग असेल तो. पाहताना दोन्ही फोटो पडद्यावर एकाच मापाचे करून पाहा. शंभर टक्के मोठे केले तर जास्त पिक्सेलचा फोटो उगीच वाईट दिसतो.

मी लेकीला घरातच नाचायला लावलं, त्याच १०० मिमीवर. ओढणीच्या कडेचे जरीचे धागे मोजता येत होते.

जुन्याची पाठवणी

कार्ड कॉपी करा, कॉपी दोन ठिकाणी आहे याची खात्री करा, मगच फॉरमॅट. कॅमेरा घरातच राहणार असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा, अर्धी चार्ज करून. कुणाला देणार असाल तर चार्जर आणि केबल त्याच पिशवीत घाला.

आणि देण्याआधी एक गोष्ट कराच. कार्ड बाहेर काढा, कॅमेरा तसाच चालू करा आणि फोटो पाहायचं बटण दाबा. अनेक जुन्या कॉम्पॅक्टना स्वतःची थोडी अंतर्गत मेमरी असते, आणि कधीकाळी कार्ड घालायचं विसरून काढलेले फोटो तिथे पडून असतात. माझ्यात चौदा निघाले. त्यातल्या तीन फोटोंत बाबा होते. ती मेमरी कार्ड रीडरला दिसत नाही; केबल जोडून किंवा मेन्यूतल्या ‘कॉपी’ने कार्डावर घेऊनच फोटो बाहेर येतात.